दोन फुटी समुद्री टाकीचा स्टँड: पाइन, मरीन प्लाय की सागवान?

दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी घ्यायचं ठरलं की स्टँडबद्दल सगळे आधी वजनाचं विचारतात. टाकीत साधारण ७० लिटर पाणी मावतं. काच, दगड आणि वाळू धरून भार ९० किलोच्या आसपास जातो, आणि खाली छोटा संप (पाणी गाळण्यासाठी स्टँडच्या आत ठेवायची दुसरी टाकी) ठेवला की शंभरी ओलांडते. आकडा मोठा वाटला तरी नीट जोडलेले चार पाय एवढं उभं वजन आरामात पेलतात. स्टँड मोडतो तो आडव्या झोलामुळे, म्हणजे बाजूला डोलण्यामुळे, आणि कुजतो तो मिठामुळे. म्हणून लाकूड निवडताना मी मिठाचा विचार आधी करतो.

गोडं पाणी सांडलं तर वाळून जातं. खारं पाणी वाळलं तरी मीठ मागे राहतं. स्किमरच्या (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राच्या) बुडबुड्यांतून उडालेले थेंब, वायरवरून ओघळलेलं पाणी, टाकीत हात घातल्यावर कडेवर पडलेले शिंतोडे यांचा पांढरा थर जमत जातो आणि तो हवेतली ओल ओढून घेतो. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर हा थर सुकतच नाही. ही ओल लाकडात शिरते ती कापलेल्या कडांतून, सांध्यांतून आणि स्क्रूच्या भोकांतून. तिन्ही पर्याय इथेच तपासून पाहायचे.

पार्टिकल बोर्डाचं तयार टेबल या तुलनेत धरलेलंच नाही. त्याची कड एकदा फुगली की पूर्ववत होत नाही, आणि फुगलेल्या बोर्डात स्क्रू धरत नाही.

पाइन सगळ्यात स्वस्त, हलकं आणि घरी कापायला सोपं. करवत, ड्रिल आणि गुण्या असेल तर रविवारच्या सुट्टीत सांगाडा उभा राहतो. पण ओल आणि वाळवी या दोन्हींपुढे ते कच्चं आहे. पुण्या-नाशिककडच्या कोरड्या हवेत सगळ्या बाजूंनी, पायांच्या तळव्यांसकट, प्रायमर आणि ऑइल पेंट दिला तर ते टिकतं. समुद्राजवळच्या घरासाठी मी ते सुचवणार नाही. जुन्या पॅलेटचं लाकूड घेणार असाल तर शिक्का बघा: एचटी म्हणजे उष्णता दिलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं घरात आणू नका.

मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा प्लाय. त्याचे थर फिनॉलिक गोंदाने चिकटवलेले असतात आणि नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही ते सुटता कामा नयेत, अशी कसोटी आहे. दुकानात ‘मरीन’ म्हणून बराच माल मिळतो; शीटवर आयएसआयची खूण आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक नसेल तर तो शब्द विसरा. क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. दोन फुटी टाकीसाठी आठ बाय चारचं १८ मिमीचं एक शीट पुरतं, दारं धरूनसुद्धा.

प्लायचं खरं बळ त्याच्या खोक्यात आहे. दोन उभ्या बाजू, मागची पूर्ण फळी आणि वर झाकण: मागची फळी सगळा आडवा झोल मारून टाकते, जे काम चार पायांच्या सांगाड्यात तिरकी पट्टी दिल्याशिवाय होत नाही. झाकण बाजूंच्या वर टेकलं पाहिजे. बाजूंच्या मध्ये बसवलं तर सगळा भार स्क्रूंवर येतो. प्लायची कमकुवत जागा म्हणजे कड. गोंद सुटला नाही तरी थरांमधलं लाकूड पाणी पितंच, आणि कडेत मारलेला स्क्रूही तितका घट्ट बसत नाही. वरून सनमाइका लावून कडा उघड्या ठेवणारे सुतार भेटतात; कडांना आधी इपॉक्सी, मग लाकडी पट्टी, हे त्यांच्याकडून आग्रहाने करून घ्या.

सागवानाची गोष्टच वेगळी. त्यात अंगचं तेल आहे, ऋतू बदलला तरी ते फारसं हलत नाही, आणि वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाही. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला मात्र लागते, म्हणून तसा पट्टा असलेला नग परत करा. तेलामुळे गोंद नीट धरत नाही. सांधा जोडण्याआधी थिनरने पुसून घ्यावा लागतो. नवं सागवान एवढ्याशा स्टँडसाठी महाग पडतं. पण जुने वाडे उतरवल्यावर निघणाऱ्या चौकटी आणि तुळया पुण्यात अजून मिळतात, आणि ते मुरलेलं लाकूड मला सगळ्यात आवडतं. त्यातले खिळे काढून मगच रंधा मारायचा. चांगला सुतार हाताशी नसेल तर मात्र सागाच्या वाटेला जाऊ नये. सांधा सैल बसला तर महाग लाकूडही डोलतं.

भाड्याचं घर, पहिलीच टाकी आणि खाली संप ठेवायचा असेल तर डोळे झाकून मरीन प्लाय घ्या. संप नको, टाकी उघड्या सांगाड्यावर शोभून दिसावी असं वाटत असेल आणि जुना साग मिळत असेल, तर पाय आणि आडवे दांडे सागाचे, वरची फळी मरीन प्लायची, ही जोडी दोन्हींपेक्षा सरस. दांडे पायांच्या डोक्यावर टेकवा. फ्रेंच पॉलिशवर पाण्याचे पांढरे डाग पडतात, तेव्हा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करा.

काहीही निवडलं तरी स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, साधे गंजतात. एक्स्टेंशन बोर्ड संपच्या वर नको, बाहेरच्या बाजूला उंचावर लावा आणि वायर बोर्डापर्यंत जाताना खाली झोळ देऊन न्या, म्हणजे ओघळ तिथेच टपकेल. संपच्या वर स्किमर उचलून काढण्याएवढी जागा सोडा.

मीठ घालण्याआधी टाकी थर्मोकोलवर ठेवून नळाच्या पाण्याने भरा आणि दोन-तीन दिवस तशीच राहू द्या. पाण्याची रेघ काचेच्या कडेशी समांतर आहे का ते चारही बाजूंनी बघा. फरक असेल तर टाकी रिकामी करून पाचर स्टँडच्या पायाखाली घाला, काचेखाली कधीच नाही.