एसएसएचचा घरगुती मेनू: काही महिने वापरल्यावर

एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करून काम करायची सोय. उन्हाळ्यात एका पैसे घेणाऱ्या एसएसएच अ‍ॅपचं नूतनीकरण अडकलं. कार्डावरून डॉलर कापले जाईनात, आणि लगेच माझ्याच सर्व्हरची यादी मला दिसेनाशी झाली. सपोर्टला कितीही लिहा, उत्तर एकच: लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. म्हटलं, चार नावं लक्षात ठेवायचे दरवर्षी पैसे कशाला मोजायचे? त्याच रात्री बॅशमध्ये (टर्मिनलवर कमांड चालवणारं शेल) सर्व्हर निवडायचा मेनू लिहिला. आता दिवाळी होऊन गेली, तोच चालू आहे.

कृती तुम्हाला ठाऊक असेलच. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमधल्या ‘होस्ट’च्या, म्हणजे सर्व्हरच्या नावांच्या, ओळी ऑकने (मजकूर छाटणारी कमांड) उचलायच्या, तारांकनवाल्या (अनेक नावांना एकदम लागू होणाऱ्या) गाळायच्या, यादी सिलेक्टला (क्रमांकित यादी दाखवून निवड विचारणारी बॅशची आज्ञा) द्यायची आणि निवडलेलं नाव एसएसएचला. वीसेक ओळींचं काम. आयपी, पोर्ट, युजर यांतलं काहीही स्क्रिप्टमध्ये कोंबू नका. कॉन्फिगमध्ये असलं की फाइली पाठवणारे एससीपी, आरसिंक, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट, सगळ्यांना तीच नावं चालतात. मधल्या मशीनमधून थेट पुढच्यावर नेणारं प्रॉक्सीजंप २०१६ पासून, ओपनएसएसएच (एसएसएचचा प्रचलित प्रोग्राम) ७.३ मध्ये आलंय, तरी लोक अजून आधी एका मशीनवर आणि तिथून दुसऱ्यावर असे हेलपाटे घालतात. असो.

आता सिलेक्टबद्दल, कारण माझं डोकं त्यानेच खाल्लं. नावं मोजकी होती तोवर यादी छान एकाखाली एक यायची. थोडी वाढली आणि एके दिवशी अचानक रकाने पडले. एका ओळीत मावतील त्याहून जास्त नावं झाली की तो आपणहून रकाने पाडतो. त्यावर उपाय सोपा, कॉलम्स या व्हेरिएबलची किंमत १ ठेवायची. दुसरी खोड: सर्व्हरवरून बाहेर आलात की यादी पुन्हा दिसत नाही, नुसता प्रॉम्प्ट (निवड विचारणारी खूण). रिकामा एंटर मारा, मग दिसते. लूपच्या शेवटी रिप्लाय (टाइप केलेला आकडा साठवणारं व्हेरिएबल) रिकामा केला की हेही मिटतं.

पण आकड्यांचं काय? मी यादी वर्णानुक्रमे लावली होती. बोटांना सवय झालेली, ४ म्हणजे टेस्टिंगचा डेटाबेस. मध्ये एक नवं मशीन घुसलं की ४ वर भलताच सर्व्हर. प्रत्येक वेळी आधी यादी वाचा, मग आकडा दाबा. मग मेनू कशासाठी? ‘प्रॉड’ने (म्हणजे प्रत्यक्ष वापरातले सर्व्हर) सुरू होणाऱ्या नावांना टर्मिनलची पार्श्वभूमी लाल करून पाहिली, नाव पुन्हा टाइप करायला लावलं. भीती कमी झाली, चीड नाही.

सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होतो की सिलेक्ट पुरेसा आहे. ते मागे घेतो. आता तीच यादी एफझेडएफला (टाइप करत जाल तशी यादी गाळणारं साधन) देतो. नावाचे दोन तुकडे टाइप केले की हवं ते मशीन वर येतं, क्रमांकाचा प्रश्नच उरत नाही. फक्त एस्केप दाबल्यावर नाव रिकामं येतं, ते तपासा. नाहीतर एसएसएच त्या रिकाम्या नावावरच ओरडतं. शिवाय मॅकसोबत येणारा बॅश अजून ३.२ आहे, त्यात मॅपफाइल (ओळी एकदम यादीत भरणारी आज्ञा) नाही. सहकाऱ्याच्या मॅकवर स्क्रिप्ट तिथेच आपटली. एकेक ओळ वाचणारा साधा रीडचा लूप लावून दिला.

अनपेक्षित सुख मात्र मेनूत नाही, कॉन्फिगमध्ये सापडलं. कंट्रोलमास्टर ऑटो, कंट्रोलपर्सिस्ट दहा मिनिटं, आणि कंट्रोलपाथची एक ओळ: एकदा झालेली जोडणी उघडी ठेवून पुन्हा वापरायला. त्याच सर्व्हरची दुसरी खिडकी टिचकीसरशी उघडते. लॅपटॉप झोपवून उठवला किंवा व्हीपीएन बदललं की मात्र जुनी जोडणी अडकून बसते आणि नवी खिडकीही तिच्यामागे गोठते. सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल (सर्व्हर जिवंत आहे का हे विचारायचं अंतर) १५ सेकंद ठेवलंय; तीनदा उत्तर आलं नाही की पाऊण मिनिटात ती आपोआप तुटते. तेवढाही धीर नसेल तर एसएसएचला मोठ्या ओ (-O) पर्यायासह एक्झिट द्या.

सिलेक्टवाली प्रत पुसलेली नाही. एका क्लायंटच्या जंप सर्व्हरवर (पुढच्या मशीनवर जायच्या वाटेतला सर्व्हर) काहीही इन्स्टॉल करायची परवानगी नाही, बॅश मात्र आहे. तिथे वर्णानुक्रम काढून टाकला. नवं नाव येतं ते सरळ यादीच्या शेवटी.