मुळशीच्या महिलांनी बांधून दिलेली निर्धूर चूल: एक अभिप्राय

पुण्याजवळ भूगावला आमच्या घरामागच्या पडवीत मुळशी तालुक्यातील एका महिला बचत गटाकडून आम्ही वैल (मंद आचेवर भांडे ठेवायची मागची दुसरी जागा) असलेली मातीची निर्धूर चूल बांधून घेतली. बांधणाऱ्या ताईंनी काम सुरू करण्यापूर्वी आमच्या रोजच्या वापरातले पातेले आणि भाकरीचा तवा मागून घेतला, आणि माती, शेण व भाताचे तूस मळून थर चढवताना ही भांडी वरचेवर बसवून पाहिली, कारण काठाशी फट राहिली की धुरांड्याची ओढ कमी होते आणि धूर घरात येतो. चूल वाळल्यावर त्यांनी तोंडाशी उदबत्ती धरून ती ओढ तपासली.

या कामाचे खरे मोल मात्र पुढे, देखभालीच्या वेळी कळले. निर्धूर चूल घरोघरी नेण्याचा सरकारी प्रयत्न पूर्वीही झाला होता आणि तो देखभालीअभावीच फसला. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम आणि पाठोपाठ 1953 मध्ये राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली, तेव्हा आहार, बालसंगोपन, शिवण यांच्याबरोबर निर्धूर चूलही ग्रामसेविकांनी घरोघरी नेली. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल हा निर्धूर चुलीचा नमुना त्याआधीच तयार होता. परंतु सुमारे 100 गावांच्या विकासगटात (ब्लॉकमध्ये) ग्रामसेवक 10 आणि ग्रामसेविका अवघ्या 2 असत; एवढ्या मनुष्यबळात बांधलेल्या चुलीकडे पुन्हा फिरकणार कोण? धुरांडी काजळीने तुंबली, काठ झिजले, आणि बायकांनी नाइलाजाने जुनी चूल पुन्हा पेटवली. दोष त्या ग्रामसेविकांचा नव्हता, असे मला ठामपणे वाटते.

आमच्याकडे ताई महिन्याभराने न बोलावता आल्या. धुरांड्याच्या पायथ्याची झडप उघडून त्यांनी पळीने काजळी काढली, मग पळी सासूबाईंच्या हाती देऊन उरलेली त्यांच्याकडून काढवून घेतली, आणि काठावरच्या बारीक भेगांवर शेणामातीचा हात फिरवला. जाड ओंडक्यासाठी चुलीचे तोंड फोडून मोठे करू नका, लाकूडच बारीक फोडा, असेही त्यांनी बजावले.

वैलावर आमटी उकळत राहते, भात उत्तम मुरतो. भाकरी मात्र तिथे भाजत नाही, तवा पुढेच ठेवावा लागतो. तोंड लहान असल्याने भाकरी फुगवायची कशी, ही सासूबाईंची शंका रास्त होती. त्यासाठी ताईंनी तोंडापुढे निखारे ओढून घेण्यापुरता उतरता ओटा करून दिला आणि भाकरी आता नेहमीसारखी टम्म फुगते. धुरांड्याच्या नळावरची टोपी तेवढी पातळ पत्र्याची निघाली. पहिल्याच पावसात ती गंजली आणि आम्हाला बदलावी लागली. मजुरी वाजवी आहे.

सदनिकेच्या गॅलरीत चूल बांधून देण्यास हा गट नकार देतो, आणि तसे आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच सांगतो. पावसाळ्यात माती नीट वाळत नसल्याने नवी कामे दिवाळीनंतरच घेतली जातात. ज्यांना चूल हवी असेल त्यांनी आधी जागा दाखवून ठेवावी आणि आपले पातेले व तवा तयार ठेवावा.