नर्मदा परिक्रमेतील बोलकी रोजनिशी : मोबाइल की रेकॉर्डर?
सुमारे १,३१२ किलोमीटर वाहणाऱ्या नर्मदेची पायी परिक्रमा म्हणजे दोन्ही तटांवरची काही महिन्यांची चाल असते, आणि संध्याकाळी आश्रमात टेकल्यावर लिहिण्याचे त्राण उरतेच असे नाही. अशा वेळी दिवसाची नोंद बोलून ठेवणे सोयीचे पडते. मोबाइल झोळीत असतोच, त्यामुळे वेगळे वजन होत नाही, परंतु नकाशा, छायाचित्रे आणि घरचे फोन यांचा भार त्याच बॅटरीवर पडतो, आणि ती उतरली की रोजनिशीही थांबते.

पेन्सिल सेलवर चालणारा रेकॉर्डर घेतल्यास सेल बदलून काम पुढे चालू राहते. शिवाय पडद्याकडे न पाहता, चालता चालता एका बटणावर बोलणे सुरू करता येते, आणि माझ्या मते हाच त्याचा खरा लाभ आहे. १२८ केबीपीएसची (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ नोंद तासाला जेमतेम ५८ एमबी जागा घेते, तर आवाजाची माहिती न आकसवता साठवणारी, सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल त्याच्या सुमारे अकरापट. म्हणून बोलण्यासाठी एमपी३ पुरे (घाटावरची आरती टिपायची असेल तर गोष्ट निराळी). वाऱ्याची घरघर दोन्हींत येते, पण स्पंजची टोपी रेकॉर्डरच्या माइकवर अधिक सहज बसते. फाइल घरी पाठवण्यात मात्र मोबाइलच सरस ठरतो.