पीयूनंतर बोक्याला कोरडं खाणं की ओलं?

दोनदा लघवी तुंबली, दोनदा कॅथेटर घातला, तिसऱ्यांदा डॉक्टरांनी पीयूच (पेरिनियल युरेथ्रोस्टॉमी, म्हणजे लघवीची वाट रुंद करायचं ऑपरेशन) करू म्हणून सांगितलं. आमच्या बोक्याच्या, बंड्याच्या त्या ऑपरेशनला आता दोन वर्षं होतील. तुमच्याकडेही ते झालं असेल तर एव्हाना कळलंच असेल, मूत्रमार्गाचा अरुंद भाग गेल्याने वाट मोकळी होते, पण खडे होण्याची खोड तशीच राहते. शिवाय इन्फेक्शनची भीती थोडी वाढते. पुढची सगळी मदार लघवी पातळ राहण्यावर. मग युरिनरी डाएटचे (लघवीच्या त्रासासाठीचं खास खाणं) कोरडे दाणे आणि सोबत पाण्याचं कारंजं घ्यावं, की त्याच डाएटचे ओले पाऊच?

पहिले आठ महिने आम्ही दाण्यांवर काढले. सोय मोठी आहे. सकाळी मुलुंडहून निघालेला माणूस रात्री आठला घरी येतो, तोवर वाटीतले दाणे बिघडत नाहीत. खर्च बराच कमी. पावसाळ्यात सादळतात, तेवढा घट्ट झाकणाचा डबा लागतो. बंड्या आवडीने खायचा.

मला नडलं ते पाणी. तो किती पितो हे कळायला मार्गच नव्हता. कारंज्यात मोजून पाणी भरायचो, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजायचो. बरंच उतरलेलं दिसलं की हायसं वाटायचं. मग मे महिन्यात शेजारीच एक वाटी भरून वर जाळी ठेवली. पंख्याच्या वाऱ्याने तिच्यातलंही पाणी उतरलं होतं! म्हणजे बंड्याच्या पोटात किती गेलं आणि हवेत किती, सांगता येईना. पंपात केस अडकायचे, आत बुळबुळीत थर धरायचा, पण ते घासायला माझी ना नव्हती. रात्री दोनला ट्रेमध्ये खरखर झाली की मी टॉर्च घेऊन उभा, ट्रेमधल्या वाळूत लघवीचा गोळा केवढा झाला ते बघत. बायकोही जागी. लिंबाएवढा गोळा दिसेपर्यंत दोघांनाही झोप नाही.

ओल्या खाण्याने हा घोर मिटला. दाण्यांत पाणी जेमतेम ८-१० टक्के, पाऊचमध्ये ७५ ते ८०. ८५ ग्रॅमच्या एका पाऊचमधून ६५ मिलीच्या आसपास पाणी जेवणातूनच पोटात जातं. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या बाकावर भेटलेल्या एका मावशींनी त्यातच दोन चमचे कोमट पाणी कालवायला सांगितलं, तेही तो चाटूनपुसून संपवतो. आता गोळे मोठे येतात, वास उग्र नसतो. एका बोक्याचा अनुभव आहे, तुमच्याकडे वेगळंही होईल.

त्रास ओल्याचाही आहे. उन्हाळ्यात अर्ध्या तासात वाटीभोवती मुंग्या. उघडलेलं पाऊच फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि गार खाणं बंड्या नुसतं हुंगून निघून जातो, म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायची. सवय लागायला आम्हाला दहा दिवस गेले. उपाशी ठेवून मात्र सवय लावू नका, दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर मांजराच्या लिव्हरवर बेततं.

खडे कोणते होते ते आधी डॉक्टरांना विचारा. स्ट्रुवाइट डाएटने विरघळतात, ऑक्झलेट विरघळत नाहीत. मांदेली आणली की बंड्या पायात घुटमळतो, जीव तुटतो, तरी आम्ही देत नाही. शेजारपाजारचे नारळपाणी सुचवतील, त्यात पोटॅशियम भरपूर असतं, टाळलेलंच बरं. आणि पीयू झालं असलं तरी बोका ट्रेमध्ये कुंथतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका.

दिवसभर घर बंद असेल तर सकाळ-रात्र ओलं आणि दुपारपुरते त्याच डाएटचे मोजके दाणे, असंही चालतं. कामाच्या दिवशी आम्ही तेच करतो. कारंजं माळ्यावर गेलं. आता तीन खोल्यांत पाण्याच्या तीन साध्या वाट्या आहेत, त्या कुणी मोजत नाही.