नाट्यछटा, दोघांचं दहा मिनिटांचं नाटक की पथनाट्य: सुरुवात कुठून करावी?

गणपती संपले की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, सोसायटीत स्किट बसवलं, मजा आली, आता जरा नीट शिकायचंय, लिहायचंही आहे आणि स्टेजवर उभंही राहायचंय, तर काय करू? नोकरी आहे, आठवड्यातून दोन संध्याकाळी मिळतात, फार तर रविवार. हे सगळं अशा माणसासाठी लिहितोय. छोट्या नाटकाचे तीन प्रकार मी स्वतः केलेत आणि दुसऱ्यांना करताना जवळून बघितलेत, तिन्हीतून मिळणारं वेगळं आणि अडकायला होतं तेही वेगळ्याच ठिकाणी.

आधी एकांकिकेचं बोलून घेऊ कारण सगळ्यांच्या डोक्यात पहिलं नाव तेच येतं. पुण्यातली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, महाराष्ट्रीय कलोपासक ती भरवते, आणि भरत नाट्य मंदिरात स्पर्धेच्या दिवसांत पोरं जो दंगा घालतात ना त्याची सर कशालाच नाही. कॉलेजात असाल तर डोळे मिटून आपल्या ग्रुपमध्ये शिरा, पडेल ते काम करा. पण नोकरी करणाऱ्या नवख्या माणसाने एकांकिकेपासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाऊण तासाचा जीव, महिना-दीड महिना रोजच्या तालमी, स्टेजवरचे आणि मागचे मिळून पंधरा-वीस जण, आणि इतकं सगळं पणाला लागलेलं असताना नवीन लेखकाची कच्ची संहिता कोण घेणार? मग वाट्याला येतो मॉब, म्हणजे गर्दीतलं काम, नाहीतर म्युझिक ऑपरेट करणं. त्यातूनही शिकायला मिळतं पण लिहायला मिळत नाही.

आता नाट्यछटा. हा आपला घरचा प्रकार, आणि शाळेतल्या स्पर्धांमुळे तो लहान मुलांचा वाटायला लागलाय याचं मला खरंच वाईट वाटतं. दिवाकर म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे (१८८९ ते १९३१), त्यांनी इंग्रज कवी ब्राउनिंगच्या कविता वाचून हा घाट मराठीत आणला आणि पार मराठी करून टाकला. एकच माणूस बोलतो, पण एकटा नसतो, समोर कुणीतरी असतं, त्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, ते बोलणाऱ्याच्या उत्तरातून कळतं. उदाहरणार्थ, "अहो बसा ना, चहा टाकते... नको? बरं, अर्धा कप घ्या... काय म्हणालात? विकलं? कधी?" एवढ्यात पाहुणा आला, तो घाईत आहे, तो काहीतरी लपवत होता आणि बाईंना आत्ता कळलं, सगळं आलं. लिहायला बसा म्हणजे कळेल की एकेक शब्द किती तोलावा लागतो. न दिसणाऱ्या माणसाची वाक्यंच परत म्हणून दाखवायची ("काय, तुम्ही म्हणताय की घर विकलं?") हा मोह पहिल्या चार-पाच खर्ड्यांत आवरत नाही.

करताना खरी परीक्षा नजरेची असते. समोरचा खुर्चीत बसलाय असं ठरवलं आणि तिसऱ्या वाक्याला तुमची नजर खिडकीच्या उंचीवर गेली की तो माणूस न सांगता उभा राहिला, पुढच्या वाक्याला डावीकडे बघितलंत की तो चालायला लागला, आणि प्रेक्षकाचा विश्वास तिथेच उडतो. यावर साधा उपाय म्हणजे तालमीत खरोखरची खुर्ची ठेवायची, तिच्या पाठीला टॉवेल टाकायचा, टॉवेलच्या वरच्या कडेला डोळे समजायचं, आणि शेवटच्या तीन तालमींत खुर्ची काढून घ्यायची. खर्च शून्य आणि कुणाच्या तारखांवर अवलंबून राहायचं नाही. शिवाय दिवाकरांच्या नाट्यछटांवर आता कॉपीराइट नाही (लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी तो संपतो), त्यामुळे आधी त्यांची एखादी बसवून बघा, मग स्वतःची लिहा. यात एक मोठी उणीव आहे, समोरून काहीच येत नाही. तुमची चूक पकडायला कुणी नाही, तुमचा टायमिंग बिघडवायलाही कुणी नाही, आणि दोन-तीन वर्षं फक्त एकपात्री करणारी माणसं मग दुसऱ्याचं वाक्य ऐकतच नाहीत, आपला क्यू यायची वाट बघत उभी राहतात.

म्हणून मी बहुतेकांना दुसरा प्रकार सांगतो: दोन माणसं, एक जागा, दहा मिनिटं. मध्ये ब्लॅकआऊट, म्हणजे प्रसंग बदलायला लाइट घालवणं, नाही. असल्या दहा मिनिटांच्या नाटकांचे बाहेरच्या देशांत अख्खे फेस्टिव्हल होतात, सिडनीत २००२ मध्ये सुरू झालेला शॉर्ट अँड स्वीट त्यातला नावाजलेला. आपल्याकडे याला पक्कं नाव नाही, कुणी नाटुकलं म्हणतं कुणी स्किट, पण स्किटमध्ये पंच पिकला की काम झालं आणि इथे दहाव्या मिनिटाला दोघांपैकी एकाचं तरी काहीतरी बदललेलं असावं लागतं.

आम्ही एक बसवलं होतं, दोन भाऊ, गावचं घर विकायच्या आदल्या दुपारी सामान बांधतायत. माझा पहिला खर्डा चौदा मिनिटांचा, त्यातली पहिली चार मिनिटं दोघं एकमेकांना असं सगळं सांगत होते जे दोघांनाही आधीपासून माहीत आहे! थोरला म्हणायचा, "बाबांच्या आजारपणात तू एकदाही आला नाहीस." मला हे वाक्य फार आवडायचं. तालमीत धाकट्याचं काम करणारा मित्र म्हणाला की हे ऐकल्यावर मला करायला काही उरतच नाही, फक्त मान खाली घालायची. मग वाक्य काढलं. त्याऐवजी थोरला थर्मासमधून दोन कप चहा ओततो, धाकट्याकडे बघतो, आणि दुसरा कप परत थर्मासमध्ये ओततो. तेवढंच. वीस-पंचवीस जणांसमोर एका हॉलमध्ये केलं तेव्हा चहा परत ओतल्याचा आवाज शेवटच्या रांगेत ऐकू गेला आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. एका दुपारच्या तालमीत लिखाणाचं आणि अभिनयाचं दोन्हीचं शिक्षण झालं, कारण लिहिणारा आणि करणारा एकाच खोलीत होते आणि कागद लगेच बदलता येत होता.

इथला खरा त्रास जोडीदाराचा. त्याला बरं नसलं की तालीम गेली, त्याची बदली झाली की नाटक गेलं. आणि दोन माणसं लिहिली की आपल्याला जो पटतो त्यालाच चांगली वाक्यं दिली जातात, दुसरा नुसता टेकू होतो. यासाठी एक करा, चौथ्या-पाचव्या तालमीला भूमिका अदलाबदल करून पूर्ण रन घ्या. ज्याचं काम करायला कंटाळा येतो ते पात्र अजून लिहून झालेलं नाही असं समजा.

पथनाट्य हा तिसरा रस्ता, आणि तो सोपा समजून लोक येतात कारण नेपथ्य नाही, लाइट नाही. पण माइक नसताना रिक्षांच्या हॉर्नवरून आवाज फेकायचा, चारी बाजूंनी लोक, पाठ कुणाकडे तरी होणारच, आणि समोरच्याने तिकीट काढलेलं नाही, कंटाळला की तो चालायला लागतो. इतका प्रामाणिक प्रेक्षक थिएटरात मिळत नाही. लिखाण मात्र बऱ्याचदा घोषणांवर येऊन थांबतं. दिल्लीच्या जन नाट्य मंच या पथनाट्य करणाऱ्या गटाचं १९७८ चं 'मशीन' याच्या उलट, साधारण तेरा मिनिटांचं. नटांनी स्वतःच्या शरीरांचं यंत्र केलेलं, ते चालतं आणि थांबतं. ते सुचलं ज्या कारखान्याच्या संपावरून तिथल्या कामगारांची मागणी होती सायकली ठेवायला जागा आणि चहासाठी कॅन्टीन, आणि त्यावर गोळीबार होऊन माणसं मेली. मागणी इतकी लहान आहे म्हणूनच ते पोटात शिरतं. हे करणाऱ्या सफदर हाश्मींवर १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ झंडापूरला नाटक चालू असतानाच हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. पथनाट्याची ही बाजू माहीत असावी. तुमच्याकडे पाच-सहा जण आहेत, विषयाबद्दल खरोखर आतून काही वाटतंय, तर जरूर करा, आवाज आणि धीटपणा इथे महिन्याभरात सुधारतो. सूक्ष्म संवाद मात्र इथे शिकायला मिळणार नाहीत.

परवानग्यांचं आधीच बघून ठेवा. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, पथनाट्याला स्थानिक पोलिसांची परवानगी लागते, आणि हयात लेखकाचं काही करायचं तर त्याची लेखी परवानगी, मानधनासकट.

तर निवड. घर लहान, शिफ्ट बदलती, सोबत कुणी नाही: नाट्यछटा, पण सहा महिन्यांच्या वर एकट्याने नको. एक तरी भरवशाचा माणूस आहे: सरळ दोघांचं दहा मिनिटांचं, याला माझं सगळ्यात जास्त मत. टोळी आहे आणि आवाज दबका आहे: पथनाट्य. वीकेंडच्या कार्यशाळेला पैसे भरायच्या आधी एकच विचारा, शेवटच्या दिवशी मी लिहिलेलं काही कुणी उभं राहून करणार आहे का? नुसते खेळ आणि सर्टिफिकेट असेल तर त्या पैशात तीन तासांसाठी छोटा हॉल घ्या, वीस खुर्च्या मांडा, शेजाऱ्यांना बोलवा. आणि मोबाइलवर टायमर लावून संहिता मोठ्याने वाचा, वाचताना सात-आठ मिनिटं भरली तर थांबा, चहा ओतायला उरलेली दोन लागतील.