‘नर्सरीत वाढवलेले’ बारा ट्रिलियम

ओहायोमधील आमच्या घरामागे शुगर मेपलचे दोन जुने वृक्ष आहेत. त्यांची मुळे इतकी वर आलेली आहेत आणि उन्हाळ्यात त्यांची सावली इतकी दाट पडते की तेथे गवत धरत नाही, हे पाच-सहा वर्षे बियाणे वाया घालवल्यावर माझ्या लक्षात आले. मग गवताचा हट्ट सोडला आणि अशा वृक्षांखाली निसर्गतः जे उगवते तेच तेथे लावावे असे ठरवले. येथील जंगलात एप्रिल महिन्यात, वरच्या फांद्यांना पुरती पालवी फुटून ऊन अडण्याआधी, जमिनीवर काही आठवडे फुलांची नुसती घाई चाललेली असते. ब्लडरूट, व्हर्जिनिया ब्लूबेल्स, डचमन्स ब्रिचेस ही सारी त्या घाईतली फुले. परंतु माझे मन गुंतले ते मोठ्या पांढऱ्या ट्रिलियममध्ये. एका देठावर तीन पाने, त्यांच्यावर तीन हिरवी निदले, त्यांच्यावर तीन पांढऱ्या पाकळ्या, आणि फूल जुने होत जाते तसतसा त्या पाकळ्यांना चढत जाणारा गुलाबी रंग. ओहायोने हे फूल राज्याचे रानफूल म्हणून स्वीकारलेले आहे. शास्त्रीय नाव ट्रिलियम ग्रँडिफ्लोरम.

फेब्रुवारीत, खिडकीबाहेर बर्फ साचलेला असताना, इंटरनेटवर एका विक्रेत्याची जाहिरात दिसली. बारा कंद ४८ डॉलरना. ‘फुलण्याच्या वयाचे, नर्सरीत वाढवलेले, सावलीत हमखास येणारे’ असा मजकूर. आणि पांढऱ्या फुलांनी भरलेल्या एका डोंगरउताराचे छायाचित्र. मी अगदीच डोळे मिटून पैसे भरले असे नाही. दोनशेहून अधिक अभिप्राय होते, त्यांतले पुष्कळसे मी वाचले आणि जवळजवळ सर्व पाच ताऱ्यांचे होते. माल मिळाल्यापासून तीस दिवसांची हमीही होती. ते अभिप्राय मी आज पुन्हा वाचतो तेव्हा त्यांतली गोम ढळढळीत दिसते. ‘पार्सल वेळेवर आले’, ‘बांधणी उत्तम’, ‘कंद टपोरे आहेत, लगेच लावले’ अशीच ती वाक्ये आहेत. सगळे अभिप्राय पार्सल उघडल्याच्या आठवड्यातले. फूल पाहिल्याचे त्यांत कोणीही लिहिलेले नाही, आणि ज्याच्याकडे पुढच्या वसंतात काहीच उगवले नाही तो वर्षभराने परत येऊन तारे काढून घेण्याच्या भानगडीत पडत नाही.

पैसे फेब्रुवारीतच कापले गेले. पार्सल आले २७ एप्रिलला. प्लास्टिकच्या पिशवीत लाकडाचा ओलसर भुसा, त्यात बारा कंद. त्यांतले तीन कंद बोटांनी दाबताच पिचत होते आणि त्यांना कुजका वास येत होता. सात कंद लांबट, आडवे वाढलेले, गाठीगाठींचे होते. त्यांच्या टोकाशी ताजा देठ कापल्याची खूण होती, आणि काळ्या जंगली मातीबरोबर दुसऱ्याच कुठल्या झाडाची तंतुमुळे त्यांत गुंतलेली होती. उरलेले दोन मात्र गोल आणि जरासे चपटे, लहान सुरणासारखे. एकाच जातीचे कंद इतके वेगळे कसे, असा प्रश्न मनात आला होता; परंतु लहान-मोठ्या वयाचे असतील अशी स्वतःची समजूत घालून, कुजके तीन बाजूला टाकून, मी उरलेले नऊ कंद पालापाचोळ्याच्या खतात दोन-तीन इंच खोल लावले.

मेच्या मध्यापर्यंत मातीतून एक कोंबही वर आला नाही. मी विक्रेत्याला पत्र लिहिले, कुजलेल्या कंदांची छायाचित्रे जोडली. १९ मेला अत्यंत सौजन्यपूर्ण उत्तर आले. ट्रिलियम हे संथ रोप आहे, ते हलवलेले त्याला सोसत नाही, पहिल्या वर्षी ते जमिनीखाली झोपून राहते आणि पुढच्या वसंतात मुळे धरल्यावर वर येते. तेव्हा कृपया उकरून पाहू नये, धीर धरावा. कुजलेल्या तीन कंदांबद्दल त्यात एक अक्षर नव्हते, आणि ते मला तेव्हा जाणवलेही नाही. जूनच्या अखेरीस मी पुन्हा विचारले तेव्हा हरणांनी कोवळे कोंब खाल्ले असण्याची शक्यता त्यांनी सांगितली.

या फसवणुकीतला खरा कावा मला येथेच दिसतो. त्या पत्रांतले प्रत्येक विधान, वनस्पतीपुरते पाहिले तर, खरे आहे. ट्रिलियम संथच आहे. हलवलेले रोप एखादे वर्ष वर न येणे अशक्य नाही. हरणांना ट्रिलियम फार आवडते, आणि जेथे हरणे माजलेली आहेत तेथील जंगलांतून ते त्यामुळेच कमी होत चालले आहे. उन्हाळा सरता सरता या रोपाचा जमिनीवरचा भाग वाळून नाहीसा होतो, हेही खरे. रोपाचा स्वभावच असा की ते मेले आहे की झोपले आहे हे वर्षभर कोणालाही सांगता येत नाही. आणि हमी तीस दिवसांची. एखादा माणूस खोटे बोलून फसवतो तेव्हा ते खोटे पकडता तरी येते. येथे मला खरे तेच सांगून थांबवून ठेवले गेले.

पुढच्या एप्रिलमध्ये त्या वाफ्यात दोन कोंब आले. तीन-तीन पाने उघडली तेव्हा मी आनंदाने छायाचित्रेही काढली. पंधरा दिवसांनी एकातून फूल आले ते पांढरे नव्हते. हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांची एक झाकणदार नळी आणि तिच्यात उभा दांडा असे ते फूल होते. ते पाहताच मला पावसाळ्याच्या तोंडी सह्याद्रीत दिसणारा सापकांदा आठवला, आणि आठवण बरोबरच होती: येथे जॅक-इन-द-पल्पिट म्हणतात ती ही वनस्पती सापकांद्याच्याच प्रजातीतली, अरिसीमा ट्रायफिलम. ती चांगली आहे, इथलीच आहे, सावलीत सुखाने राहते; फक्त मी ती मागवलेली नव्हती. गोल चपटे कंद दोन होते, त्यांचाच हा उलगडा. फूल नसताना या दोन्ही वनस्पतींत गल्लत होणे सोपे आहे. ट्रिलियमची तीन पाने देठाभोवती सारख्या अंतरावर पसरतात. जॅकच्या पानाची दोन दले समोरासमोर आणि तिसरे त्यांना काटकोनात असते. शिवाय दलाच्या कडेलगत एक शीर सर्वत्र फिरलेली दिसते. हे ओळखायला मला वर्ष लागले. जो रानात कुदळ घेऊन घाईघाईने तीन पानांचे दिसेल ते उपसत होता, त्याला ओळखण्याची गरजच नव्हती.

‘उपसत होता’ हे मी अंदाजाने लिहिलेले नाही. मेमध्ये स्थानिक वनस्पतींच्या एका छोट्या विक्रीमेळ्यात सत्तरीच्या एक स्वयंसेविका बाई भेटल्या, आणि त्यांच्या सांगण्यावरून मी उरलेले सात कंद उकरले. पाच पूर्ण कुजलेले होते, दोन वाळून टणक झालेले. त्यांतला एक बाईंनी ब्रशने साफ करून माझ्या हातात दिला आणि त्यावरच्या आवळलेल्या वळ्या मोजायला सांगितल्या. ट्रिलियमचा कंद दरवर्षी पुढच्या टोकाने थोडा वाढतो आणि वाढ थांबते तेथे एक वळी राहते. मागचे टोक मात्र कुजत जाते, म्हणून वळ्यांवरून कळते ते कमीत कमी वय. मी सतरा मोजल्या. कुठलीही नर्सरी सतरा वर्षे सांभाळलेले रोप चार डॉलरला विकणार नाही, एवढे बोलून बाई पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

तो हिशेब मी फेब्रुवारीतच करायला हवा होता. ट्रिलियमचे फळ उन्हाळ्यात पिकते. प्रत्येक बीला एक तेलकट पांढुरका गर चिकटलेला असतो. त्यासाठी मुंग्या बी वारुळात ओढून नेतात, गर खातात आणि बी टाकून देतात. त्यानंतरच्या वसंतात त्या बीतून फक्त मूळ निघते, तेही जमिनीखाली. दुसरा हिवाळा उलटल्यावर पहिले एकुलते पान वर येते. पुढची काही वर्षे एकच पान, मग तीन पाने, आणि बी पडल्यापासून फुलापर्यंत सात ते दहा वर्षे. इतकी वर्षे कुंडीला पाणी घालून, उंदरांपासून वाचवून, तण काढून जे रोप तयार होते त्याची किंमत वीस डॉलरच्या खाली असू शकेल असे मला आता वाटत नाही. ज्याला ही दहा वर्षे फुकट मिळतात तोच चार डॉलरला विकू शकतो, आणि ती फुकट मिळण्याची एकच जागा आहे. फुलांनी भरलेल्या डोंगरउताराचे ते छायाचित्र मला आता माल भरलेल्या कोठारासारखे वाटते.

मग ‘नर्सरीत वाढवलेले’ या शब्दांचे काय? या धंद्यातली ही जुनी पळवाट आहे. रानातून उपटलेला कंद वाफ्यात किंवा कुंडीत एक हंगाम ठेवला की तो ‘नर्सरीत वाढलेला’ म्हणून विकला जातो. माझ्या कंदांना तेवढा मानही मिळालेला नसावा, कारण कापलेला देठ ताजा होता. त्या ताज्या देठाचा अर्थही मला नंतर समजला. रानातला ट्रिलियम जमिनीवर दिसतो तो वसंतात, म्हणून चोरून उपटणारा वसंतातच उपटतो आणि पार्सल एप्रिल-मेमध्ये निघते. परंतु हे रोप वर्षातून एकदाच पाने काढते. ती पाने कापली की त्या वर्षी दुसरी येत नाहीत, आणि कंदाची पुढच्या वर्षाची शिदोरी त्या पानांनीच भरायची असते. म्हणजे पिशवीत बांधण्यापूर्वीच माझे ट्रिलियम अर्धे संपलेले होते. मन लावून रोपे वाढवणारा माणूस हे कंद निद्रिस्त असताना, उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पानगळीच्या सुमारास पाठवतो.

पैशांचे थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यानुसार, कबूल केल्याप्रमाणे माल न मिळाल्याची लेखी तक्रार कार्डाचे संबंधित बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत करावी लागते. माझे बिल ५ मार्चचे होते. म्हणजे पार्सल हातात पडले तेव्हा त्या मुदतीचा जेमतेम आठवडा उरला होता, आणि तो मी माती तयार करण्यात घालवला. वर्षभराने बँकेने हाच नियम दाखवून तक्रार परत केली. राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडेही अर्ज केला; त्यावर विक्रेत्याने पुढच्या खरेदीवर पंचवीस टक्के सवलतीचे कूपन पाठवले. ते मी वापरले नाही, हे सांगायला नको. आगाऊ पैसे घेऊन दोन महिन्यांनी माल पाठवणे ही रोपांच्या व्यापारात नित्याची रीत आहे, तेव्हा केवळ त्यावरून कोणावर संशय घेता येत नाही. परंतु पार्सल उघडल्याबरोबर प्रत्येक कंदाचे छायाचित्र तारखेसह काढावे, आणि कुजका कंद निघाला तर धीर धरण्याच्या सल्ल्याची वाट न पाहता त्याच दिवशी बँकेलाही कळवावे.

बियांचे पाकीट स्वस्तात घेण्याचा मोहही काहींना होईल, म्हणून तेही लिहितो. ट्रिलियमचे बी कोरडे पडले की त्याची उगवण्याची शक्ती झपाट्याने जाते. ते ताजे, ओलसर असतानाच पेरावे लागते. हिवाळ्यात विकायला ठेवलेल्या कोरड्या पाकिटांतून बहुधा काहीच येत नाही, आणि येथेही ‘दोन वर्षे वाट पाहा’ हे खरे वाक्य विक्रेत्याच्या मदतीला आयते असते. निळ्याजर्द ट्रिलियमच्या चित्रांची पाकिटेही मी पाहिली आहेत. ट्रिलियम पांढरे, तांबडे, पिवळे, हिरवट असते, निळे नसते. रंगीत रेघांचे जे पेंटेड ट्रिलियम असते ते खरे आहे, पण त्याला इतकी आम्ल आणि थंड माती लागते की साध्या बागेत ते जवळजवळ कधीच टिकत नाही. तेही स्वस्तात विकणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक नसते असे समजू नये.

गेल्या जूनमध्ये मी तीन नर्सऱ्यांना एकच प्रश्न पत्राने विचारला: तुमचे ट्रिलियम बियांपासून तुम्ही स्वतः वाढवता का, आणि विकता तेव्हा ते किती वर्षांचे असते? एकीने उत्तरच दिले नाही. दुसरीने ‘आमची सर्व रोपे नर्सरीत वाढवलेली आहेत’ असे कळवले. मी तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर तिकडूनही पत्र आले नाही. तिसऱ्या नर्सरीच्या मालकांनी लांबलचक पत्र लिहिले. बी कोणत्या वर्षी पेरले, किती उगवले, कितींना उंदरांनी खाल्ले, हे सर्व त्यात होते, आणि या वर्षी विकण्याजोगी रोपे फक्त नऊ असल्याने एका गिऱ्हाइकाला दोनच मिळतील, तीही सप्टेंबरच्या अखेरीस, असेही होते. दोन रोपांचे ५२ डॉलर झाले. कुंडीतून काढताना त्यांच्या कंदांवरच्या वळ्या मोजल्या. एकावर सात होत्या, दुसऱ्यावर आठ. ती दोन रोपे आता मेपलच्या उत्तरेला, जाळीच्या आत आहेत, आणि जॅक जेथे उगवला तेथेच त्याला राहू दिले आहे.