चार सिलिंडरच्या गाडीतून निघालेले तीन भोकांचे गॅस्केट

मागच्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिन तापण्याच्या एका साध्या तक्रारीवरून माझी 17,600 रुपयांना फसवणूक झाली. पैसे गेल्याचे दुःख आहेच, परंतु ज्या पद्धतीने मला पुरावा दाखवून, माझ्याच डोळ्यांदेखत खात्री पटवून फसवले गेले, ती पद्धत चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या पट्ट्यातील प्रत्येक पिकअपवाल्याला आणि ट्रॅक्टरवाल्याला माहीत असावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्याकडे चार सिलिंडरची डिझेल पिकअप आहे. हिवाळ्यात जिनिंगवर कापूस आणि एरवी केळी, असे माझे भाड्याचे काम चालते. त्या दिवशी चोपडा तालुक्यातून केळी भरून मी शिरपूरमार्गे इंदूरला निघालो होतो. दुपारचा एक वाजला होता आणि ऊन एवढे होते की स्टिअरिंगला हात लावताना पोळत होते. पळासनेरच्या पुढे बिजासन घाटाची चढण सुरू होते. तिथे इंजिनाच्या तापमानाचा काटा एकदम वर गेला आणि लाल पट्टीला टेकला. गाडी बाजूला घेतली, अर्धा तास थांबलो आणि हळूहळू मागे फिरून महामार्गावरच्या एका गॅरेजमध्ये आलो. गाडीत कापलेली केळी होती. अशा उन्हात ताडपत्रीखाली केळीचा माल जितके तास उभा राहील तितका तो पिकतो आणि तितका भाव तुटतो, हे त्या मिस्त्रीलाही ठाऊक होते. पुढचे सगळे या घाईवरच उभे राहिले.

इंजिन निवल्यावर त्याने रेडिएटरचे झाकण काढले. पाणी बरेच खाली गेले होते. त्याने दोन-तीन लिटर पाणी ओतले, इंजिन चालू करायला सांगितले आणि मला हाक मारली, "या दादा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा." रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत होते, अगदी उकळत्या आधणासारखे. तो म्हणाला, "हेड गॅस्केट फुटलंय. कॉम्प्रेशनची हवा पाण्यात येतेय. असेच घाट चढलात तर ब्लॉक क्रॅक होईल, मग लाखाचे काम." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्यामधली चपटी पट्टी. मी घाबरलो. आता समजते की पाणी कमी झालेल्या कोणत्याही इंजिनात नव्याने पाणी भरले की आत अडकलेली हवा काही मिनिटे अशीच बुडबुड्यांनी बाहेर पडते. ही हवा निघून गेल्यावर, पाणी काठोकाठ भरल्यावर आणि इंजिन गरम झाल्यावरही बुडबुडे थांबत नसतील, तर मात्र गॅस्केटचा संशय घ्यावा. त्याने इंजिन दोन मिनिटांत बंद केले होते.

गॅस्केट खरोखर गेले असेल तर आणखीही काही खुणा दिसतात. डिपस्टिकवरचे ऑइल चहासारखे दुधाळ होते, इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, किंवा थंड इंजिन चालू केल्यावर थोड्याच वेळात वरचा होज पाईप दगडासारखा कडक होतो. शिवाय निळ्या द्रावाची एक चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून आतली हवा त्या द्रावातून ओढली की जळलेला वायू असल्यास द्रावाचा रंग बदलतो. यातले एकही त्याने पाहिले नाही आणि मीही विचारले नाही.

त्याने खर्च सांगितला: गॅस्केट संच 2,800, हेड फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणे) 2,500, नवीन वॉटर पंप 3,900, कूलंट 2,400 आणि मजुरी 6,000. "तुम्ही समोरच्या ढाब्यावर जेवून घ्या, सावलीत पडा, चार तासांत गाडी देतो," असे तो आपुलकीने म्हणाला. मी गेलो, हीच माझी सर्वांत मोठी चूक. हेड उतरवायचे, ते लेथवर फेसिंगला पाठवायचे, परत आणून बसवायचे आणि टॅपेट लावायचे, हे चार तासांत होणारे काम नव्हे; त्याला सहसा एक-दोन दिवस जातात. एवढे तरी माझ्या लक्षात यायला हवे होते. मनात केळी होती, म्हणून वेळ लवकर सांगितल्याचा उलट आनंदच झाला.

संध्याकाळी सहाला परत आलो तेव्हा गाडी तयार होती. वॉटर पंप चांदीसारखा चकाकत होता आणि रेडिएटरमध्ये हिरवेगार कूलंट दिसत होते. मी जुने सामान मागितले, तर त्याने न कुरकुरता एका गोणपाटात गुंडाळलेले जळके, काळे गॅस्केट माझ्या हातात दिले. जुना पंप मात्र कंपनीला परत द्यावा लागतो, असे तो म्हणाला. फोनवरून पैसे पाठवायला निघालो, तर नेट चालत नाही म्हणून त्याने रोख मागितले. बिल म्हणून एका कोऱ्या कागदावर आकडे लिहून दिले. त्यावर ना गॅरेजचे नाव, ना सही, ना तारीख. रात्रीच्या गारव्यात घाट विनातक्रार चढून गेलो आणि त्या माणसाला मनातल्या मनात दुवा दिला. इंदूरला व्यापाऱ्याने माल नरमला म्हणून भाव पाडला, ते नुकसान वेगळेच.

बारा दिवसांनी भर दुपारी, भरलेल्या गाडीने जळगावला जाताना काटा पुन्हा लाल पट्टीवर गेला. या वेळी गाडी ओढून चोपड्यातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. मी सगळी हकीकत सांगून गोणपाट पुढे केले. अण्णांनी ते गॅस्केट जमिनीवर पसरले, बोटाने मोठी भोके मोजली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "हाई गॅस्केट तुन्या गाडीनं नही शे, भाऊ." प्रत्येक सिलिंडरला एक असे मोठे भोक असते. माझ्या इंजिनाला चार सिलिंडर आहेत आणि त्या गॅस्केटला भोके होती तीन. ते बहुधा कुठल्यातरी ट्रॅक्टरचे होते, कारण आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरांची इंजिने तीन सिलिंडरची असतात. बारा दिवस ते माझ्या सीटमागे पडून होते आणि मी एकदाही उघडून पाहिले नव्हते.

मग अण्णांनी मला इंजिनावर वाकायला लावले. हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्यावर वर्षानुवर्षांचे ऑइल आणि धूळ यांचा काळा थर जसाच्या तसा होता. हेड उतरवले असते तर तो तुटला असता आणि नव्या गॅस्केटची स्वच्छ कड दिसली असती. टॅपेट कव्हरच्या बोल्टवरही पान्याची एक ताजी खूण नव्हती. वॉटर पंपावर अण्णांनी खिळ्याने ओरखडा काढला, तर चांदी रंगाखाली गंज निघाला. पंपाच्या खालच्या छोट्या भोकाशी जुन्या ओघळाचा डागही तसाच होता. पंप माझाच होता, फक्त रंगवलेला. ताज्या पान्याच्या खुणा सापडल्या त्या एकाच जागी, थर्मोस्टॅटच्या, म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या झडपेच्या, झाकणाच्या दोन बोल्टांवर. त्याने थर्मोस्टॅट काढून फेकला होता. त्यामुळे काटा काही दिवस खाली राहिला. थर्मोस्टॅट साधारण 80 अंशांच्या पुढे उघडतो आणि इंजिन योग्य उष्णतेवर ठेवतो. तो नसला की इंजिन थंड चालते, डिझेल जास्त जाते आणि झीज वाढते. त्या दिवसांत गाडी डिझेल जास्त पीत होती, हेही मग माझ्या लक्षात आले.

"कूलंट" अण्णांनी दोन बोटांत चोळून पाहिले. खऱ्या कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते, त्यामुळे ते बोटांना गुळगुळीत, किंचित तेलकट लागते. माझ्या रेडिएटरमधले द्रावण नुसते पाणी होते, हिरव्या रंगाचे, आणि बारा दिवसांत ते विटकरी होऊ लागले होते. खान्देशात कुठे बर्फ पडतो, मग कूलंट कशाला, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. न गोठण्याचा गुण लडाखला उपयोगी असेल, पण कूलंटमधले गंजरोधक द्रव्य आणि जास्त तापमानाला उकळण्याचा गुण आपल्याला 44-45 अंशांच्या उन्हात लागतो. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतो, तो वेगळाच. इथे एक सांगून ठेवतो: ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते, म्हणून ते कधीही जिभेवर लावून पाहू नये आणि काढलेले कूलंट कुत्रे किंवा गुरे तोंड लावतील अशा जागी ठेवू नये.

मूळ दोष दोन निघाले. रेडिएटरच्या झाकणातले रबर चिरले होते. या झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते; सुमारे 1 बार जादा दाब असेल तर साधे पाणीसुद्धा 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळते. माझे झाकण दाब धरत नव्हते, म्हणून पाणी वाफ होऊन जात होते आणि गळती कुठेच दिसत नव्हती. दुसरा दोष जिनिंगचा. हिवाळाभर जिनिंगच्या आवारात उडणारी रुई पंख्याने ओढून रेडिएटरच्या पत्र्यांत भरली होती, त्यावर धूळ बसून नमद्यासारखा थर झाला होता. अण्णांनी पंख्याच्या बाजूने पुढच्या बाजूकडे हलक्या दाबाने पाणी मारून तो काढला. जोराचे पाणी मारले तर नाजूक पत्रे वाकतात. रुईचा ओला गोळा दोन्ही मुठीत मावत नव्हता. झाकण, नवा थर्मोस्टॅट, खरे कूलंट आणि मजुरी धरून 3,100 रुपये झाले, आणि अण्णांनी प्रत्येक वस्तू मला उभे करून, डबा माझ्यासमोर फोडून घातली.

मी ते गॅस्केट घेऊन त्या गॅरेजवर परत गेलो. त्याने मला ओळख दिली नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्लाही मिळतो. पण माझ्या हातात नावाचे बिल नव्हते, पैसे रोख दिले होते, आणि काम चालू असतानाचा एक फोटोही मी काढला नव्हता. तक्रार कोणत्या कागदावर उभी करायची, हे मला वकिलांना सांगता आले नाही.

आता गाडी कोणाकडेही लागली तरी मी ढाब्यावर जात नाही. बोनेट उघडल्यापासून बंद होईपर्यंत तिथेच उभा राहतो, आणि उघडण्याआधी इंजिनाचे चारही बाजूंनी फोटो काढतो. ते गॅस्केट अण्णांनी मागून घेतले. त्यांच्या गॅरेजमध्ये ते दाराजवळच्या खिळ्याला टांगलेले आहे, आणि गाडी तापते म्हणून कोणी आले की अण्णा आधी त्यांना त्याची भोके मोजायला लावतात.